कलम लावले; फळाची घाई कशाला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. तीन दिवस बोली चालली. भारताचा कर्णधार हरमनप्रीतसिंग ७८ लाख रुपयांना सूरमा क्लबकडे गेला आणि महिलांमध्ये उदिताला ३२ लाख मिळाले. हे दोन आकडे सगळीकडे छापून आले. क्रिकेटच्या कोटींपुढे ते लहान वाटले तरी हॉकीच्या मानाने मोठेच होते, म्हणून त्यांची चर्चाही झाली. पण याच लिलावाच्या नियमांत एक साधी ओळ होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यांत किमान १६ भारतीय, आणि त्या भारतीयांत किमान चार ज्युनियर असलेच पाहिजेत, अशी ती अट होती. पुरुषांचे आठ संघ होते. म्हणजे किमान ३२ पोरे अशी, की ज्यांची नावे त्या दिवसापर्यंत त्यांच्या गावाबाहेर आणि प्रबोधिनीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

या पोरांचे पुढे काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. अशा नव्या पोराचे नाव पुकारले गेले की त्याच्या गावात पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो, चौकात फलक लागतो. मग चर्चा सुरू होते. वऱ्हाडाकडची भाषा घ्यायची तर ती साधारण एकाच वाक्यावर येऊन थांबते: ‘पोट्टं खेळते चांगलं, पण टिकन का?’ प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्याचा प्रेक्षकाला हक्कही आहे. अडचण अशी की आपल्याला उत्तर पहिल्याच हंगामात हवे असते. दोन गोल केले की पोरगा उद्याचा धनराज ठरतो, चार सामने बाकावर बसला की ‘वाया गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. हॉकीचा खेळाडू असा वर्षभरात पारखता येत नाही. संत्र्याचे कलम लावणारा विदर्भातला शेतकरी पहिल्या वर्षी फळ मागत नाही. चार-पाच वर्षे तो पाणी देतो, आळे करतो, डिंक्या पडला तर औषध लावतो. मैदानावरच्या झाडाला मात्र आपण दुसऱ्याच महिन्यात हलवून पाहतो.

अकोल्याच्या मैदानावरचा मुलगा

वर्धा जिल्ह्यातले नाचणगाव पुलगावला खेटून आहे. पुलगावचे स्टेशन मुंबई-हावडा या मुख्य लोहमार्गावर. येथून गाडीत बसले की धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर करीत काही तासांत अकोला येते. या अकोल्याशी भारतीय हॉकीतली एक अलीकडची गोष्ट जोडलेली आहे आणि ती विदर्भातल्या माणसांनाच फारशी माहीत नाही.

मध्य प्रदेशात इटारसीजवळ चांदोन नावाचे खेडे आहे. तेथील एका शिक्षकाचा मुलगा वडिलांची नजर चुकवून हॉकी खेळत असे, कारण वडिलांना त्याला इंजिनियर करायचे होते. बारा-तेरा वर्षांचा असताना तो एका स्पर्धेसाठी अकोल्याला आला. त्या स्पर्धेला अशोककुमार हजर होते. अशोककुमार म्हणजे मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव, आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे खेळाडू. भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीची जबाबदारी तेव्हा त्यांच्याकडे होती. त्यांनी पोराचा खेळ पाहिला आणि त्याला अकादमीत बोलावून घेतले. त्या मुलाचे नाव विवेक सागर प्रसाद.

पुढचा प्रवास सरळ रेषेत झाला असे कोणी समजू नये. २०१५ मध्ये त्याचे कॉलरबोन मोडले आणि उपचारांच्या काळात प्रकृती इतकी बिघडली की जिवावर बेतले होते. तो त्यातून उठला, पुन्हा मैदानावर आला. जानेवारी २०१८ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, न्यूझीलंडमध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला. त्याच वर्षी ब्रेडा येथे चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध बरोबरी साधून देणारा गोल त्याचा होता. शूटआउटमध्ये भारत हरला, पण पोराचे नाव झाले. ऑक्टोबरमध्ये ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये तो कर्णधार होता आणि संघाने रौप्यपदक मिळवले.

आता एवढे झाल्यावर वर्षअखेरीस भुवनेश्वरला भरलेल्या विश्वचषकासाठी तो संघात असणार, असे कोणालाही वाटले असते. अठरा जणांच्या यादीत विवेकचे नाव नव्हते. घरच्या मैदानावरचा विश्वचषक आणि पोरगा घरी! आपल्या चर्चेच्या पद्धतीने हिशेब केला असता तर विषय तिथेच संपला असता. पण २०१९ च्या खेळासाठी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने त्याला जगातला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरवले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याने गोल केला आणि तो ब्राँझपदक घेऊन परतला. २०२४ ला पॅरिसमध्ये दुसरे ब्राँझ मिळाले.

अकोल्यापासून टोकियोपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली. मधल्या काळात एक जीवघेणे आजारपण आले आणि एक मोठी स्पर्धा हुकली. या आठ वर्षांतले कोणतेही एक वर्ष उचलून कोणी ‘हे पोर कसे?’ असे विचारले असते तर दर वेळी निराळे उत्तर मिळाले असते. अशोककुमारांनी अकोल्यात जे हेरले ते त्या दिवसाचे गोल नव्हते. गोल तर अशा स्पर्धेत बरेच जण करतात.

लखनौची पोरे

डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने बेल्जियमला २-१ असे हरवले. गोल करणारे गुरजंतसिंग आणि सिमरनजीतसिंग. कर्णधार हरजीतसिंग. ट्रक चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा त्या वेळी देशातला सर्वांत चर्चित तरुण हॉकीपटू होता. त्याच्या आयुष्यावर २०१८ मध्ये ‘हरजीता’ नावाचा पंजाबी चित्रपटही आला.

या संघातले पुढे किती जण मोठे झाले, हे पाहण्यासारखे आहे. हरमनप्रीत भारताचा कर्णधार झाला आणि पॅरिसमध्ये त्याने एकट्याने दहा गोल केले. मनदीप, सुमीत, गुरजंत, वरुणकुमार, नीलकांत शर्मा हे टोकियोला गेले. पण ज्याच्या हातात लखनौला करंडक होता, तो हरजीत ऑलिंपिकला कधीच गेला नाही. वरिष्ठ संघात तो आला, थोडे सामने खेळला आणि मागे पडला. त्याच्या खेळात खोट होती असे म्हणणे सोपे आहे. पण ऑलिंपिकचा संघ सोळा जणांचा असतो आणि मधल्या फळीत त्या काळी मनप्रीतसारखे खेळाडू पाय रोवून उभे होते. ज्युनियर वयात सर्वांत पुढे असलेला मुलगा पाच वर्षांनी सर्वांत पुढे असेलच असे नाही. काही जणांचे शरीर लवकर भरते, काहींचे उशिरा. काहींना त्यांच्या जागेवर दार उघडे मिळते, काहींच्या जागेवर दहा वर्षे दुसराच बसलेला असतो.

उलट सिमरनजीतचे पाहा. टोकियोच्या मूळ सोळांमध्ये तो नव्हताच. तो राखीव होता. करोनामुळे त्या वर्षी राखीव खेळाडूंनाही खेळवण्याची मुभा मिळाली, म्हणून त्याला संधी आली. ब्राँझपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे होता. शेवटी ५-४ असा जिंकला आणि ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिंपिकचे पदक आले. त्या पाचांतले दोन गोल या राखीव पोराचे होते. तीन वर्षांनी पॅरिसच्या संघात तो पुन्हा नव्हता. एकाच संघातल्या दोन पोरांची ही कहाणी समोर ठेवली की ‘टिकन का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर नसते, हे कळते. कोणी दहा वर्षे टिकतो, कोणी एका दुपारपुरता टिकतो आणि ती दुपार देशाच्या कायम लक्षात राहते.

बघायचे काय?

मग प्रेक्षकाने नव्या खेळाडूत पाहायचे तरी काय? आपल्याकडे जुन्या पिढीची नजर गवतावरच्या हॉकीवर तयार झालेली आहे. चेंडू काठीला चिकटल्यासारखा घेऊन तिघा-चौघांना चकवत जाणारा तो खरा खेळाडू, ही आपली कसोटी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम मैदान आले आणि त्या स्पर्धेत भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. त्यानंतर खेळच बदलला. पाणी मारलेल्या गुळगुळीत मैदानावर चेंडू उसळत नाही, पण विलक्षण वेगाने येतो. उत्तम ड्रॅगफ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला. खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. सामना आता पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत होतो.

याचा अर्थ आघाडीचा खेळाडू सत्तर मिनिटे मैदानात हिंडत नाही. पाच-सात मिनिटे जीव तोडून पळायचे, बाहेर येऊन दम घ्यायचा, पुन्हा आत जायचे. त्या पाच मिनिटांत समोरच्या बचावपटूला चेंडू सुखाने खेळू द्यायचा नाही, हे त्याचे पहिले काम. गोल हे नंतरचे. म्हणून अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात. वेगाने आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात काठीवर थांबतो की दोन हात पुढे सांडतो? चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिले होते का? आणि चेंडू हातून गेल्यावर तो कपाळाला हात लावून उभा राहतो की मागे पळतो? यांतली एकही गोष्ट गुणफलकावर दिसत नाही. पण प्रशिक्षक तेवढेच पाहत असतात. पहिल्या वर्षी गोल नसले आणि या तीन गोष्टी सुधारत असल्या, तर कलम जगले असे समजावे.

बचावपटूचे आणि गोलरक्षकाचे तर आणखी अवघड. त्यांना अनुभव हाच शिक्षक असतो आणि तो चुका करूनच मिळतो. विशीतल्या बचावपटूच्या एका चुकीवर पेनल्टी कॉर्नर जातो, त्यावर गोल होतो आणि आपण त्याला शिव्या घालतो. ती चूक त्याने लीगच्या सामन्यात करावी आणि ऑलिंपिकमध्ये करू नये, यासाठीच तर लीग असते.

बर्फावरची हॉकी आणि तिथला प्रेक्षक

अमेरिका-कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. खेळ निराळा, पण नव्या खेळाडूंची निवड कशी होते आणि प्रेक्षक ती कशी पचवतात, हे आपण पाहण्यासारखे आहे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वर्षी सात फेऱ्यांमध्ये सव्वादोनशेच्या आसपास पोरांची निवड होते. बहुतेक जण अवघे अठरा वर्षांचे. निवड झाली म्हणजे लगेच खेळायला मिळाले, असे नाही. क्लबने फक्त हक्क राखलेला असतो. पोरगा परत आपल्या ज्युनियर संघात, कॉलेजात किंवा स्वीडन-फिनलंडमधल्या आपल्या गावच्या क्लबात जातो आणि दोन, तीन, कधी पाच वर्षे तिथेच खेळतो. अनेकांना मोठ्या लीगचे मैदान कधीच दिसत नाही.

तिथला चाहता मात्र या सगळ्या वर्षांत पोराचा माग सोडत नाही. आपल्या संघाने पाचव्या फेरीत घेतलेला मुलगा स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत कसा खेळतोय, त्याचे वजन वाढले का, त्याला कोणत्या जागेवर खेळवतात, यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसे तिथे आहेत. तीही उतावीळ असतात. १९९३ मध्ये ओटावा संघाने अलेक्झांडर डेगलला सर्वांत पहिला म्हणून निवडले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! अपेक्षेच्या ओझ्याखाली त्याची कारकीर्द कधी फुललीच नाही. १९९९ मध्ये डेट्रॉइटने सातव्या फेरीत २१० व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग नावाच्या स्वीडिश पोराला घेतले. त्याची दखल घेण्याचे कारणच नव्हते. तीन वर्षे तो स्वीडनमध्येच खेळला, २००२ मध्ये अमेरिकेत आला आणि २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅनले कप जिंकला, तेव्हा अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तेव्हापासून तिथल्या चाहत्यांना सातव्या फेरीतल्या पोराकडे दुर्लक्ष करण्याची हिंमत होत नाही.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. निवडीच्या दिवशी आपण गर्दी करतो आणि घडण्याच्या वर्षांत मैदान रिकामे असते.

खडकी ते फलटण

महाराष्ट्राला हॉकीची परंपरा नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. पुण्याजवळच्या खडकीत, लष्करी कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाच्या घरी १९६८ मध्ये धनराज पिल्ले जन्मला. मोडलेल्या काठ्या दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडे खेळली. मोठा भाऊ रमेश मुंबईच्या लीगमध्ये खेळत होता, त्याच्या मागे धनराज मुंबईला गेला आणि क्लब हॉकीत तावून-सुलाखून निघाला. भारताकडून तो पहिल्यांदा खेळला १९८९ च्या आशिया चषकात, वयाच्या एकविसाव्या वर्षी. आजच्या लिलावाच्या हिशेबाने हे वय उशिराचे. पण पुढे १५ वर्षांत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा! मुंबईच्या क्लबांतली ती मधली वर्षे नसती तर खडकीतला एक चपळ पोरगा एवढीच त्याची ओळख राहिली असती.

मुंबईचाच युवराज वाल्मीकी. २०११ मध्ये चीनमधल्या ओर्डोस येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी स्ट्रोक त्याने मारला. विजयानंतर वार्ताहर त्याच्या मरीन लाइन्सच्या घरी पोचले, तेव्हा त्या घरात वीजसुद्धा नाही हे देशाला कळले. देशासाठी खेळण्याच्या उंचीपर्यंत तो पोचला होता आणि तोवर कोणी त्याच्या घराकडे पाहिलेले नव्हते. त्याचा धाकटा भाऊ देविंदर २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळला. एका घरातून दोन आंतरराष्ट्रीय हॉकीपटू निघाले, ते कोणाच्या योजनेमुळे निघाले नाहीत.

अलीकडे मात्र एक वेगळे चित्र सातारा जिल्ह्यात दिसू लागले आहे, आणि तेही मुलींमध्ये. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. त्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे भारताकडून खेळली. ही शेतकऱ्यांची घरे. गावाकडे काठी हातात देणारा कोणी भेटला, तिथून पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडाप्रबोधिनीची वाट सापडली, आणि एक मुलगी गेली म्हणून दुसरीच्या बापाला धीर आला.

याच जिल्ह्यातली ऋतुजा पिसाळ. जानेवारी २०२५ मध्ये रांचीला महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असे हरवले. ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे. लिलावात तिच्यावर किती बोली लागली, हे आज कोणाला आठवते? मोठ्या नावांच्या संघात एक ज्युनियर संघातून आलेली मुलगी, एवढीच तिची ओळख होती. त्यानंतर ती भारताच्या वरिष्ठ संघात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात रौप्य मिळवणाऱ्या संघात वैष्णवीबरोबर तीही होती. चार ज्युनियरांची ती अट कशासाठी होती, याचे उत्तर रांचीच्या त्या संध्याकाळी मिळाले.

तरीही आता सगळ्यांनी मिळून या मुलीला ‘अंतिम सामन्यात दोन गोल करणारी’ एवढ्याच मापाने मोजू नये. पुढच्या मोसमात तिला गोल मिळतील, न मिळतील. तिची जागा बदलेल, दुखापत होईल, कदाचित एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या यादीत नाव नसेल. विवेकचे नव्हतेच ना? त्या दिवशी साताऱ्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या माणसांनी काय म्हणायचे, हे आतापासून ठरवून ठेवलेले बरे.

सात वर्षांची खिंडार

या सगळ्यात एक व्यवहाराची बाजू आहे आणि ती घरच्या माणसांच्या उरावर असते. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. मधे सात वर्षे गेली. २०१७ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा २०२४ मध्ये तेवीस वर्षांचा झाला. ज्युनियरचे वय संपले, वरिष्ठ संघात जागा नाही आणि परदेशी खेळाडूंच्या शेजारी उभे राहून शिकण्याची जी एक जागा होती, ती त्याच्या घडण्याच्या काळात बंदच. त्या पिढीतल्या किती पोरांनी काठी माळ्यावर टाकली असेल, याची नोंद कोठे असत नाही. आणि लीग परत आली तेव्हा २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ तिच्यात नव्हता, ना पुरुषांचा, ना महिलांचा. म्हणजे आपल्याकडच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या राज्याच्या नावाखाली खेळायचे आणि आपण ‘आपला संघ’ म्हणून कोणाच्या मागे उभे राहायचे, तेच कळत नाही.

म्हणून खेड्यातला बाप मुलाला हॉकीला पाठवताना पहिला प्रश्न विचारतो तो नोकरीचा. रेल्वे, सैन्यदल, तेल कंपन्या यांच्या संघांत जागा मिळाली तर पोरगा तरला. त्या जागा मोजक्या. या प्रश्नाला कोणी संकुचितपणा म्हणू नये. कापसाचा भाव आणि पावसाचा नेम नसलेल्या मुलखात पोराची सात-आठ वर्षे एका खेळावर लावायची, म्हणजे शेत गहाण टाकण्यासारखेच आहे. विवेकच्या वडिलांना इंजिनियर हवा होता, तो यासाठीच.

नाचणगावची उद्याची मुलगी

उद्या नाचणगावातल्या एखाद्या शाळेतली बारा वर्षांची मुलगी काठी हातात घेते, असे समजा. शेजारी पुलगावला दारूगोळ्याचे मोठे लष्करी भांडार आहे, म्हणजे खेळाची शिस्त जाणणारी माणसे जवळपास वावरतात. खडकीच्या धनराजलाही लष्कराचेच मैदान मिळाले होते. रेल्वे दाराशी आहे. गाडीत बसले की अकोलाही गाठता येते आणि पुणेही. पण तिची पहिली अडचण अशी की अकोल्याच्या त्या स्पर्धेसारखी एखादी स्पर्धा तिच्या वाट्याला आली पाहिजे आणि त्या स्पर्धेला अशोककुमारांसारखा पाहणारा असला पाहिजे. पाहणारा नसेल तर गुण असून नसल्यासारखा. दुसरी अडचण पुढची. ती निवडली गेली, प्रबोधिनीत गेली, आणि दोन वर्षे तिचे नाव कुठेच छापून आले नाही, तर गाव तिच्या आईबापाला काय विचारील? ‘काय झालं बाई तुमच्या पोरीचं? खेळते का अजून?’ या प्रश्नात थोडी काळजी असते आणि थोडा टोमणा. त्या टोमण्याला घाबरून कित्येक मुली घरी परत आणल्या जातात.

इथे प्रेक्षकाचे काम सुरू होते. सरकारने मैदान द्यावे, संघटनेने स्पर्धा भरवाव्यात, कंपन्यांनी पैसा घालावा, हे सगळे बरोबरच आहे आणि ते मागत राहिले पाहिजे. पण धीर ही गोष्ट सरकार देऊ शकत नाही. ती गावाने द्यायची असते. सत्काराच्या दिवशी हार घालणारे हात पुष्कळ असतात. निवड हुकली त्या आठवड्यात घरी जाऊन चहा पिणारा एखादाच असतो, आणि त्या चहाची किंमत हारापेक्षा जास्त असते. जिल्ह्याची आंतरशालेय स्पर्धा पाहायला पन्नास माणसे जमली, तर त्यात एखादी जाणती नजर निघतेच. ‘गोल किती केले?’ याच्याऐवजी ‘मागच्या वर्षीपेक्षा यंदा काय जमतंय?’ असे विचारले, तर पोरीलाही उत्तर देताना बरे वाटते.

चर्चा बंद करा, असे कोणी म्हणत नाही. चर्चा हवीच. ज्या खेळावर वाद घालणारी माणसे नाहीत, तो खेळ आपोआप मरतो. क्रिकेट आपल्याकडे जगले ते मैदानाइतकेच चावडीवरच्या वादांवर. हॉकीला तसे वादी हवेत. फक्त त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अठरा वर्षांच्या पोराबद्दल आज दिलेला निकाल हा निकाल नसतो, तो फार तर अंदाज असतो. तो एका वहीत लिहून ठेवावा, तारीख घालावी आणि पाच वर्षांनी वही उघडावी. मधल्या पाच वर्षांत मात्र त्या पोराचा पत्ता हरवू देऊ नये.